कोरी अवार्ड लिस्ट

रूथबाई,

गेल्या मंगळवारी तुम्हाला मातीत ठेवण्याआधी चर्चमध्ये आपले जुने प्रिन्सिपॉल साहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले. आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तसाच आहे, सकाळच्या प्रार्थनेला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तसा. तुम्ही फरीदाबादच्या आपल्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, मुलं तुमच्यावर जीव टाकायची, हे सगळं सांगून झाल्यावर ते जरासे हसले आणि म्हणाले, "मैडम का दिल बहुत बड़ा था. नंबर देने में भी." बाकांवर हसू पसरलं. सगळे प्रेमानेच हसले. सैल हाताने मार्क देणाऱ्या बाई, अशी तुमची आठवण त्यांच्याकडे उरली आहे, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नाही.

मी तिसऱ्या बाकावर होतो. ज्या बाईने ऐकल्याशिवाय अर्धा मार्कसुद्धा कधी कोणाला दिला नाही, तिच्या शवपेटीसमोर हे बोललं जात होतं, आणि ते खोटं आहे हे त्या चर्चमध्ये फक्त मला माहीत होतं. मी उठलो नाही. गुडघे धरले आहेत म्हणून उठता आलं नाही, असंही नंतर स्वतःला सांगून पाहिलं.

मी आता एकाहत्तरचा आहे. जे तेरा वर्षांपूर्वी चार माणसांसमोर एका वाक्यात सांगायचं होतं, ते आज इतकं लांबण लावून लिहितो आहे, आणि तेही तुम्ही वाचू शकणार नाही अशा वेळी. पण आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला ते सगळ्यांसमोर बोलता येणार नाही.

तुम्ही शाळेत आलात तेव्हा स्टाफरूममध्ये मराठी बोलणारा मी एकटाच होतो. तुमचं नाव ऐकून मी इंग्रजीत स्वागत केलं, तर तुम्ही म्हणालात, मी नगरची आहे हो, सर. त्या दिवसापासून त्या खोलीत आपल्या दोघांची एक वेगळी खोली झाली. प्रिन्सिपॉल साहेबांच्या टायबद्दल आपण त्यांच्या देखत बोलायचो आणि कोणाला काही कळायचं नाही. मराठी तुमचंच चांगलं होतं. माझ्यात अच्छा, यार, बिल्कुल कधीच शिरून बसले होते. मी 'चलो' म्हटलं की तुम्ही मान वर न करता 'चला' म्हणायचात, वहीत लाल पेन फिरवावं तसं. नाताळात तुमच्या करंज्या यायच्या, दिवाळीत माझ्या बायकोच्या, सुधाच्या, तुमच्याकडे जायच्या, आणि दोन्ही वेळा सारण कोणाचं कोरडं यावर आठवडाभर पुरेल इतकी चर्चा व्हायची. पुढे सुधा गेली तेव्हा तुम्ही तीन आठवडे माझा डबा आणलात. त्याबद्दल मी कधी आभार मानले का, हेही आता आठवत नाही.

भांडण मात्र आपलं एकाच गोष्टीवरून व्हायचं, मार्कांवरून. माझं म्हणणं असं की आपली मुलं कारखान्यातल्या कामगारांची. घरी इंग्रजी नाही, दारी नाही. शेजारच्या मोठ्या शाळा त्यांच्या मुलांना भरभरून मार्क देतात, तर आपण कंजुषी करून आपल्याच मुलांना मागे का ठेवायचं? तुम्ही म्हणायचात की मार्क ही भेटवस्तू नाही. वर्गातल्या तोंडीला मुलगा बोलला, मी ऐकलं, जेवढं ऐकलं तेवढं लिहिलं. आठ ऐकले तर आठ. त्याला आठ मिळाले तर तो पुढच्या वर्षी माझ्याकडे येईल. सोळा मिळाले तर कशाला येईल?

एकदा संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या बसमधून आपण पानिपतला, काला अंबला गेलो होतो. महाराष्ट्रातून आलेले लोक स्मारकाला हात लावून डोळे पुसत होते. मी बसमध्ये सुरू केलेला वाद तिथेही चालू ठेवला होता, नापास झालेलं पोर कसं खचतं वगैरे. तुम्ही थोडा वेळ त्या गर्दीकडे बघितलंत आणि म्हणालात, "सर, हरलेल्या लढाईला आपण दर वर्षी नारळ घेऊन येतो. आणि पोराला वीसात आठ पडले तर तेवढं मात्र आपल्याला लपवायचं असतं." मी हसलो. मग हातातला नारळ घेऊन पुढे सरकलो. 

मग बोर्डाने दहावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा आणली, वीस मार्कांची. दोन-दोन मुलांना बसवायचं, एक चिठ्ठी उचलायला लावायची, प्रत्येकाने त्यावर मिनिटभर बोलायचं, मग दोघांनी एकमेकांशी बोलायचं. हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं, कारण बोर्डाचा माणूस कधीही येऊन मागू शकतो. किती शाळांनी ही परीक्षा खरोखर घेतली ते मला ठाऊक आहे, कारण परीक्षांचं काम माझ्याकडे होतं आणि इतर शाळांतले माझ्यासारखे लोक मला भेटत. चार हुशार मुलांचं रेकॉर्डिंग करायचं, बाकीच्यांचे मार्क अंदाजाने भरायचे, हाच रिवाज होता. अवार्ड लिस्ट, म्हणजे मार्कांचा तो लांब तक्ता, शिक्षकांकडून आधी कोराच सही करून घ्यायचा. शेवटच्या दिवशी धावपळ नको. सगळे करायचे. तुम्ही एकट्या करत नव्हतात. भरलेला दाखवा, मग सही, म्हणायचात. स्टाफरूममध्ये तुमच्या पाठीमागे लोक हसायचे की मैडम चेक भी ऐसे ही साइन करती होंगी. मीही हसायचो.

तुम्ही परीक्षा घेतलीत ती बायॉलॉजीच्या लॅबमागच्या छोट्या खोलीत, जिथे तो हाडांचा सापळा उभा असायचा. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून पंखा बंद. दाराबाहेर शिपायाला बसवलेलं. डस्टरची घडी करून त्यावर फोन ठेवलेला. आत आलेल्या मुलाला आधी हिंदीत विचारायचं, नाश्ता किया? आणि सापळ्याकडे बोट दाखवून सांगायचं, ये भी पास होके गया था, डरो मत. मग परीक्षा. एकशे बारा मुलं, आठ दिवस. तुमच्या लांब वहीत प्रत्येक नावापुढे मार्क आणि त्याच्यापुढे त्या मुलाने उच्चारलेलं एक वाक्य, जसंच्या तसं, चुकांसकट. मी विचारलं, वाक्य कशाला? तुम्ही म्हणालात, उद्या कोणी विचारलं की आठ का, तर मला त्याचा आवाज आठवला पाहिजे.

आठव्या दिवशी दुपारी नगरहून फोन आला. तुमच्या आईचं काही खरं नाही, निघा. संध्याकाळची निझामुद्दीनहून गाडी होती. मार्क सगळे वहीत होते, पण अवार्ड लिस्टवर चढवलेले नव्हते, आणि यादी दोन दिवसांत बोर्डाकडे पाठवायची होती. तुम्ही वहीवरून मार्कांची एक नक्कल करून मला दिलीत. मी कोरी लिस्ट पुढे केली. म्हटलं, यावरून मी उतरवतो, तुम्ही सही करून सुटा. तुम्ही पेन उघडलंत आणि थांबलात. गाडी उशिरा सुटते म्हणे, बसून भरूनच टाकते का, असं काहीतरी बोललात. तेव्हा मी म्हटलं, "रूथबाई, माझ्यावर विश्वास नाही का?"

हे वाक्य मी हिंदीत म्हटलं असतं तर तुम्ही सही केली नसती असं मला वाटतं. तुम्ही तिन्ही पानांवर सही केलीत, पर्स उचललीत आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी मी यादी भरायला बसलो. प्रिन्सिपॉल साहेब सकाळीच सांगून गेले होते की निकाल बघा, लोक बघतात. काय करायचं ते त्यांनी मला सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं. तुमच्या नकलेत सहा होते, आठ होते, अकरा होते. मी सगळ्यांना वर आणलं. चौदाच्या खाली कोणी नाही, सोळाच्या वर कोणी नाही. सपाट यादीकडे कोणाचं लक्ष जात नाही, हे मी बावीस वर्षांच्या कामातून शिकलो होतो. हे जे वाढवलं, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली नाही. मुलांचं भलं करतो आहे असंच वाटलं. तुम्ही दूर आहात, रागवाल, मग करंज्यांवर मिटेल.

पण सोळाच्या वर कोणी नाही म्हटलं की एक नाव अडत होतं. पूनम. तुम्ही तिला अठरा दिले होते. तुमच्या हातून अठरा म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं.

ती राहायची ती गल्ली पत्र्याच्या प्रेसच्या कारखान्याला चिकटून होती. चिठ्ठी होती, रोज ऐकू येणारा एक आवाज. ती त्या प्रेसबद्दल बोलली. सकाळी प्रेस सुरू झाली की आई बोलायची थांबते, हातांनी सांगते. धाकटा भाऊ त्या ठेक्यावर पाढे म्हणतो. वडील त्याच कारखान्यात होते, आता त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. हे सगळं मोडक्या इंग्रजीत, एक काळ धड नाही, एक क्रियापद धड नाही. आणि शेवटी ती म्हणाली, "व्हेन प्रेस स्टॉप, वुई ऑल टॉक लाउड. बिकॉज वुई फरगेट." मशीन बंद झालं तरी आम्ही ओरडूनच बोलतो, कारण विसरतो. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर दोन-तीन सेकंद काहीच नाही. तुम्हीही पुढचा प्रश्न विसरला होतात.

मी तिचे सोळा करू शकलो असतो, रूथबाई. सोळा सगळ्यात वरचे होते, यादी सपाटच राहिली असती. मी चौदा केले. सगळ्यात खालचे.

का, ते तुम्ही मला एकदा विचारलंत आणि मी खोटं सांगितलं. त्याकडे येतोच.

तुम्ही नगरहून परत आलात त्या आई गेल्यानंतर. पांढरी साडी नेसलेल्या, बारीक झालेल्या. यादी गेली का, एवढंच विचारलंत. गेली म्हटलं. तुम्ही बरं म्हणालात. तीन आठवड्यांनी बोर्डाच्या बाई आल्या. कडक, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. प्रिन्सिपॉल साहेबांच्या खोलीत कॉम्प्युटरवर त्यांनी रेकॉर्डिंग लावायला सुरुवात केली आणि यादी पुढे ठेवली. तुम्हाला बोलावलं, मला बोलावलं. पहिला मुलगा. त्याने चार वाक्यं म्हटली आणि थांबला. यादीत पंधरा. दुसरी मुलगी जवळजवळ बोललीच नाही. चौदा. त्या बाईंनी चष्म्यावरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही यादीकडे बघितलंत. ती तुम्ही पहिल्यांदाच भरलेली बघत होतात. तुमच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी बघितलं नाही, मी खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत होतो.

मग पूनम. त्या बाईंनी ती दोनदा ऐकली. यादीवर बोट ठेवलं, चौदा. आणि तुम्हाला विचारलं, "मैडम, आपने सुना भी था?"

आठ दिवस पंखा बंद करून बसलेल्या बाईला हे विचारलं गेलं. तुमची ती लांब वही तुमच्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. तुमची बोटं पर्सच्या चेनवर गेलेली मी बघितली. ती चेन उघडली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. तुम्ही चेन तशीच ठेवून माझ्याकडे वळलात आणि अगदी साध्या आवाजात मराठीत विचारलंत, "सर, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हटलं, "नंतर बोलू."

प्रिन्सिपॉल साहेबांनी विचारलं, "क्या कह रही हैं, देशपांडे जी?"

आता लिहितो ते वाक्य मी तेरा वर्षं, गेल्या आठवड्यापर्यंत, कोणासमोर उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "कह रही हैं कि माँ की वजह से जल्दी में हो गया, सर."

मी तुमचं भाषांतर केलं. तुमच्या तोंडात तुमचाच कबुलीजबाब घातला, आणि त्यात तुमच्या आईचं मरण वापरलं. तुम्हाला हिंदी येत होती. तुमची हिंदी माझ्याइतकीच चांगली होती. तुम्ही एका शब्दात मला खोटं पाडू शकला असतात. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि काही बोलला नाहीत. त्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

तुम्ही का बोलला नाहीत, यावर मी फार विचार केला आहे. तेव्हा सुधा आजारी होती आणि माझ्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती, हे तुम्हाला माहीत होतं. माझी दया आली असेल, असं मी पुष्कळ दिवस मानलं, कारण दया केली म्हटलं की ती करणाऱ्याच्या खाती जाते आणि आपण मोकळे होतो. आता मला वेगळं वाटतं. तुम्ही मला विचारलं होतंत, आणि उत्तराची वाट बघत होतात. सर आज नाही तर उद्या साहेबांकडे जाऊन सांगतील, असं तुम्ही धरून चालला होतात. कोऱ्या लिस्टवर सही केलीत तेवढ्याच भरवशाने. रोज सकाळी मी स्टाफरूममध्ये आलो की तुम्ही एकदा मान वर करून बघायचात. दोन-तीन महिने बघत होतात. मग बघायचं सोडलंत.

बोर्डाचं पत्र आलं. मार्क आहेत तसेच ठेवले होते, फक्त तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं होतं. साहेबांनी दहावी काढून घेतली, सहावी दिली आणि लायब्ररी दिली. चांगुलपणाने दिली, आराम करा म्हणाले. तुम्ही निवृत्त होईपर्यंत पुन्हा दहावीच्या वर्गावर गेला नाहीत. दहावीचे ते तास मी घेतले. हेही इथे लिहून ठेवतो.

एकदा पूनम स्टाफरूमच्या दारात आली. तिला मार्क कळले होते. वर्गात सगळ्यात कमी ज्यांना होते त्यांत तिचं नाव. तिने तुम्हाला विचारलं, मैडम, मैंने क्या गलत बोला था? तुम्ही वह्या बाजूला सारल्यात, तिला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, तुमने कुछ गलत नहीं बोला, बेटा. तिने पुढे विचारलं नाही. कोणत्या मुलीने विचारलं असतं? मी शेजारच्या टेबलावर निबंध तपासत होतो. एकाच निबंधावर किती वेळ पेन धरून होतो कोण जाणे. त्यानंतर ती तुम्हाला व्हरांड्यात भेटली तर मान खाली घालून जायची. तुम्ही ते मला कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मी बघत होतो.

आणि त्या उन्हाळ्यात एकदा शाळा सुटल्यावर शेअर ऑटोत आपण दोघंच होतो. तोपर्यंत आपलं बोलणं कामापुरतं राहिलं होतं. तुम्ही समोर रस्त्याकडे बघत म्हणालात, "वाढवलेत ते मी समजू शकते. तिचे का कमी केलेत, सर?" मी म्हटलं, उतरवताना चूक झाली असेल, ओळ चुकली असेल. तुम्ही म्हणालात, असेल. एवढंच.

ओळ चुकली नव्हती. मी माझ्या मराठी शाळेतून कॉलेजात इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसलो तेव्हा माझं पहिलं वाक्य ऐकून सगळा वर्ग हसला होता, मास्तरसुद्धा. पुढची दहा वर्षं मी रेडिओवरच्या बातम्यांमागे पुटपुटत माझी जीभ घासली. काकांच्या ओळखीने दिल्लीला आलो, इंग्रजीचा मास्तर झालो, आणि माझ्या तोंडून ते जुनं इंग्रजी पुन्हा कधी कोणी ऐकलं नाही. यादी भरायच्या दिवशी कॉम्प्युटरवर पूनम बोलायला लागली तेव्हा मला माझाच तो आवाज ऐकू आला, आणि तुम्ही त्याला अठरा दिले होते. मला राग आला, रूथबाई. त्या इंग्रजीला अठरा मिळू शकतात, तर मग मी दहा वर्षं कशाला घासत बसलो? तुम्ही तिचं ऐकलंत. मला कोणी तसं ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. पेन कागदावर टेकवलं आणि चौदा लिहिलं गेलं, आणि लिहिल्यावर बरं वाटलं. ते बरं वाटलेलंच मला आजवर सांगता आलेलं नाही. वाढवलेल्या सगळ्या मार्कांसाठी माझ्याजवळ काही ना काही कारण आहे. त्या चौदासाठी एवढंच आहे.

त्या मंगळवारी दफनभूमीत तुमचे जुने विद्यार्थी पुष्कळ आले होते. टक्कल पडलेले, पोरंबाळं घेऊन आलेले. मी प्रत्येक बाईच्या चेहऱ्यात पूनम शोधत होतो. ती मानेसरला कुठल्याशा गाड्यांच्या कारखान्यात आहे, कंपनीच्या बसने जाते-येते, असं कोणीतरी म्हणालं. ती आली नव्हती. कशाला येईल?

मंगळवारनंतर मी गप्प बसलो नाही, एवढं सांगू द्या. गुरुवारी शाळेत गेलो. आताच्या प्रिन्सिपॉल तरुण आहेत, मला ओळखत नव्हत्या. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, रूथ मॅडमच्या फाइलमध्ये माझं पत्र लावा. त्यांनी पाणी मागवलं, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की इतके जुने कागद केव्हाच निकाली निघाले, रेकॉर्डिंगही नाही, यादीही नाही. "अब किस काग़ज़ पर ठीक करें, सर?" त्यांचं बरोबर होतं. तुमच्यावरचा डाग कुठल्या कागदावर उरलेलाच नाही. तो उरला आहे माणसांच्या डोक्यात, प्रिन्सिपॉल साहेबांच्या त्या हसण्यात.

शनिवारी तुमच्या घरी, शेरॉनकडे गेलो. तुमची मुलगी आता हुबेहूब तुमच्यासारखी बसते, हात मांडीवर. मी तिला सगळं सांगितलं, चौदाचंही सांगितलं. बोलताना रडलो, त्याची मला लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती रडली नाही. म्हणाली, तेव्हा मी कॉलेजला होते, काका. मम्मीला म्हटलं होतं, तू सही केलीस ना, मग आता कशाला उदास बसतेस, गलती तर तुझीच आहे. "मम्मी काही नाही बोलली. मला वाटलं, बरोबर बोलले मी."

मी तिची माफी मागितली.  त्यावर ती जे बोलली ते इथे तसंच उतरवतो. "मराठीत माफी मागणं सोपं आहे, काका. इथे मी आणि तुम्हीच आहोत. त्या दिवशी तिथे जे बसले होते त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून तर तुमचं काम झालं. आता पुढच्या संडेला मम्मीसाठी प्रेयर आहे. प्रिन्सिपॉल अंकल येणार आहेत, जुना स्टाफ येणार आहे. तुम्ही तिथे उभं राहून बोला. हिंदीत. सगळ्यांना कळेल असं." मी म्हटलं, बोलतो. ती म्हणाली, "आणि माफ-बिफ मी आत्ता काही करत नाहीये. बिल्कुल नाही. ते मागाहून बघू." दारापर्यंत मात्र सोडायला आली, आणि जिना उतरताना लाइट लावला.

रूथबाई, पंचेचाळीस वर्षं दिल्लीत राहिलो, हिंदी मला मातृभाषेसारखी येते. तरी ही चार वाक्यं लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात माझ्या परिस्थितीबद्दल होतं, सुधाच्या आजाराबद्दल होतं, साहेबांच्या दबावाबद्दल होतं. ते सगळं काढलं. दुसऱ्या खर्ड्यात तुमच्या मोठ्या मनाबद्दल होतं. तेही काढलं, कारण तुमच्या मोठ्या मनाबद्दल त्या चर्चमध्ये पुरेसं बोलून झालं आहे. पूनमचं नाव ठेवलं आहे. कोणी तिला ओळखत असेल तर तिच्यापर्यंत पोचेल. रविवारी साडेदहाला मी उभा राहीन आणि कागदावरून वाचीन, कारण न वाचता बोललो तर मी पुन्हा काहीतरी सांभाळून घेईन. शेवट असा आहे:

"उस दिन साहब के कमरे में रूथ मैडम ने मराठी में कुछ कहा था। आप लोगों ने मुझसे पूछा था कि वे क्या कह रही हैं। मैंने ग़लत बताया था। वे मुझसे पूछ रही थीं, सर, आप बताएँगे या मैं बताऊँ?"